आईचे ओटीपी तुमच्या नंबरवर

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचा मोबाइल नंबर परवापरवापर्यंत आपलं घर चालवत होता. तो बंद करायची सोयच तुम्ही ठेवली नव्हती. स्टील प्लांटच्या कॉलनीत, आपल्या सेक्टरच्या शाळेत आधारचं शिबिर लागलं होतं, आठवतं? ऑपरेटरने आईला नंबर विचारला आणि तिने तोंड उघडायच्या आत तुम्ही मागून तुमचा सांगून टाकला, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा. मग रेशन कार्ड, बँक, गॅस, दवाखान्याचं कार्ड, जिथे जिथे आई, तिथे तिथे तुमचा नंबर. शेजारच्या काकूंकडे तेव्हा फोन नव्हता, तर त्यांनाही तुम्ही उदारपणे तोच देऊन टाकलात. फोन नवा होता, मिरवायला कारण लागत नसे.

तुमचं आईवर प्रेम होतं, ते मी नाकारत नाही. प्लांटच्या रेल मिलमधून शिफ्ट करून यायचात, आंघोळ झाली की पिशवी सायकलला अडकवून रेशनच्या लायनीत. बँकेत तुम्ही, गॅसला तुम्ही, बिलाला तुम्ही. आई सेक्टरच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पिशवी घ्यायची. मी कॉलेजात असताना एकदा तिला एटीएम शिकवायला घेऊन गेले. ती बटणांसमोर अडखळली, मागे लोक कुरकुरायला लागले. तुम्ही समोरच्या पानठेल्यावरून पाहिलंत, आत आलात, तिच्या हातून कार्ड घेतलंत आणि मला म्हणालात, "तिले कायले तरास देऊन राहिली? मी आहो न." आई बाजूला सरकली आणि काचेतून रस्ता बघत राहिली. तिला काय वाटलं ते तुम्ही विचारलं नाहीत. मीही नाही.

आता माझं सांगते. मी आईपासून वेगळी, स्मृति नगरला राहते, शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि रविवारी वंदना झाली की कुरुदच्या विहाराच्या हॉलमध्ये क्लास घेते. आपल्या बायका असतात, प्लांटमधून रिटायर झालेले दोन-चार काका असतात, हल्ली छत्तीसगढी शेजारणीही येतात. रेशनचं केवायसी कसं करायचं, दाखल्याचा अर्ज कुठे अडकला ते कसं बघायचं, पेन्शनसाठी आपण जिवंत आहोत हे कॅमेऱ्याला कसं पटवायचं, असलं सगळं. माझा नियम एकच, कोणाच्याही हातून फोन घ्यायचा नाही. त्याने चुकीचं दाबलं तर दाबू द्यायचं. सगळ्या कॉलनीला मी स्वावलंबन शिकवत होते, आणि तुमचा फोन माझ्या स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी चार्जिंगला लावलेला असायचा. आई रेशनच्या दुकानात गेली की तो वाजायचा, मी आईला फोन करून आकडे सांगायची, आई ते दुकानदाराला सांगायची. माझ्याच आईला मी काही शिकवलं नव्हतं, आणि हे मला कधी खटकलंही नाही.

मग एक दिवस रेशनच्या दुकानातल्या मशीनवर नेहमीप्रमाणे तिचा अंगठा लागेना. ओटीपी तुमच्या फोनवर गेला, मी शाळेत परीक्षेच्या ड्युटीवर होते. "बेटी को फोन लगाओ अम्मा, ओटीपी उसी के पास जाता है," दुकानदार म्हणत राहिला. आईने लावला, लावला आणि शेवटी रिकामी पिशवी घेऊन घरी गेली. त्या रविवारी ती पहिल्यांदा क्लासला आली आणि मागे, खांबाला टेकून बसली. मी नेमकी तेव्हा तावातावाने सांगत होते की ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, पोराला नाही, जावयाला नाही, बँकेचा साहेब म्हणवणाऱ्याला तर मुळीच नाही. आईने हात वर केला.

"कोणालेच नाई सांगाचा म्हणतं, मंग माहा ओटीपी तं तुह्याकडंच येते. तू कोन होय?"

हॉल हसला. मी म्हटलं, "आई, घरी बोलू."

"घरी तं तूच बोलतं. इथं सांग. मले माहा नंबर लावाचा आहे."

मी टाळलं, बाबा. केंद्रावर गर्दी असते, तुझा फोन कुठेही पडलेला असतो, कोणी फोनवर गोड बोलून फसवलं तर काय करशील. एकही कारण खोटं नव्हतं. आणि मग मी म्हणाले, "तुला कशाला त्रास, मी आहे ना." तोंडातून निघालं आणि मला तुमचा सणसणून राग आला. तुम्ही समोर नव्हता, म्हणून तो मला माझ्यावरच काढावा लागला. आई मात्र दर रविवारी येत राहिली आणि दर रविवारी सगळ्यांसमोर तेच विचारत राहिली, त्यामुळे एका सुट्टीच्या दिवशी मी तिला आधार केंद्रावर घेऊन गेले. काचेपलीकडचा मुलगा तिच्याकडे न बघता मला म्हणाला, "मोबाइल नंबर बोलिए मैडम." आणि माझ्या तोंडून सवयीने तुमचा नंबर सुरू झाला. आईने माझ्या दंडावर हात ठेवला. "नंबर मेरा है, मेरे से पूछो." मग तिने एकेक आकडा सांगितला, सावकाश, तो टाइप करेपर्यंत थांबत. तिने तो कधी पाठ केला होता, मला माहीत नव्हतं. मुलगा स्क्रीनवर बघून परत एकदा म्हणून दाखवत होता आणि ती मान हलवत होती. मी बाजूला सरकून रस्ता बघत राहिले.

पुढच्या महिन्यात ती रेशनला एकटी गेली. पुढचं मला काकूंकडून कळलं. अंगठा पुन्हा लागला नाही, ओटीपी तिच्याच फोनवर आला, दुकानदाराने विचारला, तर आईने फोन छातीशी धरला आणि सांगितलं, कोणालेच सांगाचा नाई. तो हात जोडून म्हणे, अम्मा, मेरे को तो बताना पड़ेगा. नाहीच. "मशीन इधर करो, मैं दबाती हूँ." मागच्या लायनीने गोंधळ घातला, पण त्याला मशीन फिरवावं लागलं. काकू हे सांगताना इतक्या हसत होत्या की त्यांना धड बोलता येईना, आणि आता त्यांनाही त्यांचा नंबर बदलायचा आहे.

हे तुम्हाला पाठवणं अवघड नाही. तुमच्या नंबरवर टाकलं तर इथेच मिक्सरशेजारी वाजेल, मीच उघडेन आणि वाचल्याची निळी खूण मलाच दिसेल. म्हणून पाठवत नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं. तुमचा फोन वाजला की आई आज बँकेत आहे, आज दवाखान्यात आहे, गॅस आला, हे मला कळायचं. मी तिला मदत करते असं सगळ्यांना सांगायची, पण खरं म्हणजे मला ते आवडत होतं. बँक, गॅस, दवाखाना, सगळीकडे तिने स्वतःचा नंबर लावून घेतला; आता तो तिच्यासाठी वाजत नाही. काल संध्याकाळी राहवलं नाही म्हणून मी आईला फोन केला. तिने घाबरून विचारलं, "काय झालं वं?" मी म्हटलं, "काही नाही, असाच केला." ती म्हणाली, "थांब, गॅस बारीक करतो," आणि परत येऊन म्हणाली, "हं, बोल." बाबा, आकडे सांगायचे नसले तर आईशी काय बोलायचं, ते मला सुचेना. भाजी काय केली, एवढंच विचारलं.