भिंतीकडे तोंड

४ सप्टेंबर
पोचले एकदाची! माझ्या पणजीचं हे घर काकांच्या मागे माझ्याकडे आलं. दर्शनी भिंत करड्या चुनखडीची, तिला सात खिडक्या. त्यातली एक खोटी, नुसती दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. मागे तबेले, बग्गीखाना, दूधघर. स्वयंपाकघरापासून तबेल्यापर्यंत भुयार, म्हणजे नोकरमाणसं हिरवळीवर दिसायला नकोत. जुनी स्वयंपाकीण डिलिया हिनं सोडा-ब्रेड आणि लोणी पुढे केलं. पुढच्या रविवारी डब्लिनहून माझी लेक एथ्ना येईल. नऊ वर्षांची. खोटी खिडकी कोणती, ते तिलाच ओळखायला लावणार.

६ सप्टेंबर
भुयार पाहिलं. गिलाव्यात कपाळाच्या उंचीवर ओळीनं खळगे. डिलिया म्हणाली, तुमच्या पणजीचा नियमच होता, बाईसाहेब आल्या की नोकरांनी भिंतीकडे तोंड करायचं. कपाळं टेकून टेकून झिजली भिंत. पुढे म्हणाली, माझ्या आजीची बहीण पेग इथेच कामाला होती, ती एकदा वळून हसली, तर ऐन जानेवारीत हाकलली तिला. रस्त्यातच गोठली. मग डिलिया हसत म्हणाली, खळगे तेवढे बुजवू नका हं, आमची हजेरी आहे ती.

८ सप्टेंबर
खळगे बुजवून घेतले. पाहुण्यांना घर दाखवायचं तर नीटनेटकं हवं. डिलिया रागावली नाही. मी आत गेले तशी भिंतीकडे वळली, एवढंच. मला हसूच आलं.

९ सप्टेंबर
आज पोस्टमन कुंपणाकडे तोंड करून उभा. दुकानदारानं पाठमोऱ्यानंच दूध दिलं. डिलियाला विचारलं, ही कसली थट्टा? भिंतीलाच म्हणाली, आम्ही कुठं काय केलं, बाईसाहेब? नियम तुमच्याच घरचा.

१० सप्टेंबर
टेबलावरचा एथ्नाचा फोटो. त्यात आता फक्त वेणी दिसते.

११ सप्टेंबर, दुपार
एथ्नाच्या बाबांनी तिला फाटकाशी सोडलं. मी धावले. ती बग्गीखान्याच्या भिंतीला कपाळ लावून उभी. खांदे धरून वळवलं तरी पाठच — पुन्हा पाठच —
डिलिया म्हणते, पेगची माफी मागा. तिच्याच पद्धतीनं. मग पोरगी वळेल.

भुयारात
ओल्या गिलाव्यात एक नवा खळगा. बरोबर माझ्या उंचीचा. कपाळ टेकलंय. अंदाजानं लिहितेय. मागून पावलं येताहेत, सावकाश. मानेवर गार —
वळायचं नाही.
भुयाराच्या तबेल्याकडच्या टोकाला एथ्ना हसली. वळली असणार! हाक मारतेय, आई, इथे काय करतेस —
मला नाही. माझ्या मागे जी उभी आहे, तिला.
आणि ती ओ देतेय, माझ्याच आवाजा —