गडग्याला पडलेलं भगदाड

रत्नागिरी,
श्रावणातला दुसरा गुरुवार
(दुपारचे दोन. पाऊस चालू आहे, हे वेगळं लिहीत नाही.)

श्री. सखाराम भावोजी यांस मथुरावहिनीचा नमस्कार. निशिगंधेला आणि मुलांना आशीर्वाद. तुमचा गुडघा कसा आहे? निशिगंधेची साखर उतरली का? (ती साखर सोडते आणि गूळ धरते, हे मला ठाऊक आहे. गूळसुद्धा उसाचाच असतो, असं तिला माझ्या नावाने सांगा.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे. पण खरोखर क्षेम आहे की नाही, ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा. फोनवर हे सांगता आलं असतं, पण आठ दिवस टॉवर मेला होता, आणि आता तो जिवंत झालाय तर माझा फोन तांदळाच्या डब्यात वाळत पडलाय. शिवाय फोनवर तुम्ही "पाऊस काय म्हणतो?" एवढं विचारून फोन निशिगंधेकडे देता. या वेळी पाऊस जे म्हणाला ते दोन मिनिटांत मावणारं नाही.

तर तुमच्या विठूची गोष्ट. (तुमचा म्हणायचं कारण, शाळेत तो तुमच्या बाकावर बसायचा. माझा तो नुसता शेजारी.) बोटीवर तीस वर्षं नोकरी करून हा मनुष्य घरी आला, तेव्हापासून जगातलं सगळं पाणी आपल्याला विचारून वाहतं असा त्याचा समज आहे. चार वर्षांपूर्वी त्याने कौलं काढून पत्रे घातले आणि पत्र्याच्या पन्हळीचं तोंड आपल्या अंगणाकडे केलं. त्याचं घर वरच्या अंगाला, आपलं खालच्या, तेव्हा पाणी खालीच जाणार, हा त्याचा मुद्दा. खालीच जाणार हे मलाही कळतं, पण ते माझ्या हळदीच्या वाफ्यावरूनच का जावं, हा माझा. तो रोज सकाळी त्याच्या पडवीतून वाडीला ऐकू जाईल असं ओरडायचा, "काल सहा इंच पडला!" आणि मी आमच्या पडवीतून ओरडायची, "आमच्याकडे आठ!" खोटं नव्हतं ते. आमच्या वाट्याचा सहा आणि त्याच्याकडून आलेला दोन.

शेवटी मी तो मधला गडगा बांधून घेतला. तुम्हांला आठवत असेल, तुमच्या वडिलांच्या वेळचा तो जांभ्याचा गडगा नुसता दगडावर दगड ठेवून रचलेला होता, फटींतून सरडे जायचे, पाणीही जायचं. मी गवंडी बोलावला, सगळ्या फटी सिमेंटने बुजवल्या आणि वर आणखी हातभर उंची वाढवली. त्या दिवसापासून विठूचं आणि माझं बोलणं बंद. त्याच्या बायकोचं, राहीचं, आणि माझं मात्र चालूच होतं (बायकांची भांडणं असती तर ती आम्ही अशी अर्धवट ठेवली नसती). गडग्यावरून ती मला बांगड्यांचं तिखलं द्यायची, मी तिला अळूची पानं. विठू ती भाजी खायचा, पण कोणाकडून आली ते विचारायचा नाही. मीही बांगडे कोणी आणले ते विचारत नव्हते. अशी चार वर्षं गेली, आणि मला त्या गडग्याचा अभिमान होता हे मी लपवत नाही. पाहुणे आले की मी त्यांना तो दाखवायची.

यंदा राहीची लेक वैष्णवी बाळंतपणाला आली. मुलगी झाली, सुखरूप. त्यांच्या मागच्या खोलीत, म्हणजे ती जुनी मातीच्या भिंतीची खोली आहे ना, तिच्यात तिची खाट टाकली होती, कारण तिथे वारा लागत नाही. बाळ सात दिवसांचं झालं आणि पावसाने जे धरलं ते चार दिवस सोडलंच नाही. वीज गेली, रस्त्यावर झाड पडून गाड्या बंद झाल्या, आणि माझी लुगडी चुलीवरच्या दोरीवर वाळून वाळून त्यांना सुक्या मासळीसारखा वास यायला लागला.

चौथ्या दिवशी, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, मी कुळथाची पिठी ढवळत होते आणि एकदम मला चुकल्यासारखं झालं. काय चुकलंय ते कळेना. मग ध्यानात आलं की मागचा परया वाजत नाहीये. भावोजी, मी एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत एकतीस वर्षं काढली. कुठली गाडी आली हे मी मान वर न करता इंजिनाच्या आवाजावरून सांगायची. एवढा पाऊस कोसळत असताना भरलेला ओढा गप्प होतो, याचा अर्थ पाणी आटलं असा होत नाही. पाण्याने वाट बदलली असा होतो. मी पिठी तशीच खाली उतरवली आणि इरलं घेऊन मागे धावले. (इरलं अजून वापरते. छत्री वाऱ्याला सलाम करते, इरलं करत नाही.)

वर डोंगराच्या कुशीत एक मोठा फणस मुळासकट परयात आडवा झाला होता आणि त्याच्यामागे माती साचून बांध झाला होता. तांबडं पाणी परया सोडून थेट विठूच्या परसात उतरत होतं. ते तिथून पुढे आपल्या अंगणातून, मग रस्त्याच्या व्हाळात जायला हवं होतं. पूर्वी गेलंही असतं. पण मध्ये माझा गडगा उभा होता. सिमेंटचा. थेंब गळत नव्हता हो त्यातून! गवंड्याला मी तीनदा बजावलं होतं, थेंब गळता कामा नये. विठूच्या परसात गुडघ्याच्या वर पाणी तुंबलं होतं आणि ते त्या मातीच्या भिंतीला लागलं होतं. भिंतीपलीकडे वैष्णवीची खाट. आणि खालच्या अंगाला, पाणी न तुंबलेल्या अंगणात, हळदीच्या वाफ्याशेजारी मी.

तेव्हा मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हांला लिहिते. जे धरण त्या बाळाच्या भिंतीवर उठलं होतं, ते मी हौसेने बांधून घेतलेलं होतं.

हाका मारून उपयोग नव्हता. पत्र्यावर पावसाचा असा काही ताशा चालला होता की घरातली माणसं एकमेकांशी खुणांनी बोलत असतील. म्हणून मी गडग्यालगतच्या चिऱ्यांच्या ढिगावर चढले, छाती भरून घेतली आणि स्टँडवरचा आवाज काढला. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण आवाज निवृत्त झालेला नाही. "लक्ष द्या! विठू आणि राही, इकडे लक्ष द्या! तुमच्या मागच्या भिंतीला पाणी लागलेलं आहे! वैष्णवीने बाळाला घेऊन ताबडतोब पुढच्या दाराने माझ्या घरी यावं!" आणि सवयीने हीच सूचना पुन्हा एकदा दिली. खालच्या वाडीतला केरू सांगतो की त्याला ती शब्द न् शब्द ऐकू आली. (त्याचं घर अर्ध्या मैलावर आहे. तुम्ही निशिगंधेला मोठ्याने वाचून दाखवा.)

राही पुढच्या दाराने धावली, बाळ तिच्या पदरात, वैष्णवी मागोमाग, रस्त्याने वळसा घालून माझ्या माजघरात. विठू मागच्या दाराने आला तो कमरेएवढ्या पाण्यात. मी पहार घेऊन गडग्यावर घाव घालत होते आणि गडगा मला दाद देत नव्हता. विठूनेही पलीकडून कुदळ चालवली. एक चिरा हलेना. पाणी डोळ्यांदेखत चढत होतं.

चार वर्षांनी तो माझ्याशी पहिलं वाक्य बोलला. "कोणी बांधलान् हा गडगा?"

"मी!" मी म्हटलं. आणि खरं सांगते, त्या घटकेलाही मला जरासा अभिमान वाटलाच.

"मग फोडा आता! वैनी, खालचा नको, वरचा चिरा आधी काढा. एकदम फुटला तर वाहून जाल!"

बोटीवरच्या माणसाला पाण्याची अक्कल असते, हे मान्य करायला हवं. वाढवलेला हातभर भाग आधी उतरवला, मग एकेक थर. दोघं दोन बाजूंनी, एकमेकांना शिव्या न देता. तिसऱ्या थराला सिमेंट तडकलं आणि विठू ओरडला, "बाजूला व्हा!" मी बाजूला झाले आणि चांगलं दोन हात रुंद भगदाड पाडून पाणी आपल्या अंगणात आलं. हळदीचा वाफा गेला. जळाऊ लाकडं गेली. नवी धुण्याची शिळा, जी उचलायला चार माणसं लागली होती, ती आपण होऊन रस्त्यापर्यंत चालत गेली. पडवीत घोटाभर पाणी आलं. मी ते सगळं जाताना पाहत उभी होते आणि मला हसू येत होतं, कारण पलीकडे त्या भिंतीवरची पाण्याची खूण खाली खाली उतरत होती. भिंत फुगली होती, पण उभी राहिली. विठू तिला वरपासून खालपर्यंत हाताने चाचपत गेला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मीही त्याचे डोळे पुसून होईपर्यंत दुसरीकडे पाहिलं.

खोली वाळेपर्यंत सगळे आपल्याकडेच राहिले. सहा दिवस! विठूला चूल पेटवता येत नाही, पण कशी पेटवावी हे त्याला उत्तम सांगता येतं. माझ्या आमटीत मीठ कमी असतं असं त्याचं मत (समुद्रावर राहिलेल्या माणसाला सगळंच अळणी लागणार). बाराव्या दिवशी बारसं होतं आणि बाळाची आत्या नाटे गावाहून निघून रस्ता बंद म्हणून अर्ध्या वाटेवरून परत गेली. तेव्हा राही म्हणाली, "मथुरावैनी, कानात नाव तुम्हीच सांगा. तिनं सगळ्यात आधी कोणाचं ऐकलंय, तर तुमचंच." मी अगदी हळू सांगितलं हो. तरी पोर दचकून रडायला लागली, आणि लगेच खालच्या वाडीतून केरूचा निरोप आला की दिशा हे नाव छान आहे.

तर असं झालं. आपल्या घराने एक भिंत पाडून एक भिंत वाचवली, हे तुम्ही डोंबिवलीत चार लोकांना सांगायला हरकत नाही. तुमचे दादा आज असते तर त्यांनी काही बोलून दाखवलं नसतं, पण दोन घास जास्त जेवले असते.

तुमची,
मथुरावहिनी

ता.क. पत्र टपालात टाकायला विठू गावात निघाला होता, म्हणून त्याला दिलं, तर त्याने ते आमच्याच पडवीत बसून वाचलं. त्याच्या आग्रहावरून नोंदवते: पहार माझी नव्हती, ती मी मागच्या वर्षी राहीकडून मागून आणली होती, म्हणजे त्याची. पाणी त्याच्या कमरेएवढं नव्हतं, मांडीएवढं होतं. आणि डोळे पावसामुळे पुसले. पाऊस चालू होता हे खरं आहे.

ता.ता.क. हे वेगळ्या कागदावर लिहून पाकीट मी स्वतः डकवते आहे. भावोजी, काम असं आहे. विठू म्हणतो, "वैनी, तुमचा गडगा मी नारळी पौर्णिमेनंतर होता तसा बांधून देतो." तो सभ्यपणाने म्हणतो, म्हणून मीही सभ्यपणाने "हो, बांधायलाच हवा" म्हणते. रोज दोघं भगदाडापाशी उभे राहून किती चिरे लागतील ते ठरवतो आणि मनातून कोणालाच तो नको आहे. राही त्यातून दिवसाला दहा वेळा येते. बाळाला तेल लावायला मी त्यातून जाते, वळसा घालून जायचं तर माझ्या पायांना झेपणार नाही. पण "राहू दे" हे आधी मी म्हणणार नाही, आणि तो तर मुळीच म्हणणार नाही. घरात तुमचा अर्धा हिस्सा आहे आणि जन्मभर तुम्ही सरकारात लोकांच्या जमिनी मोजल्यात. तेव्हा आम्हां दोघांच्या नावे एक कडक पत्र पाठवा, की मी स्वतः येऊन मोजणी करेपर्यंत गडग्याला कोणी हात लावू नये. आणि मग येऊ नका. म्हणजे गणपतीला जरूर या, पण मोजू नका.

ता.ता.ता.क. राही आत्ता सांगून गेली की विठूनेही परवाच तुम्हांला एक पत्र टाकलंय. काय लिहिलंय ते सांगत नाही, पदर तोंडाला लावून नुसती हसते. त्यातही हेच असेल तर दोन्ही पाकिटांवरचे शिक्के पाहून ठेवा. त्याची तारीख आधीची निघाली तर मला काही कळवू नका. नुसतं ते कडक पत्र पाठवा, आणि त्यात माझं नाव वर घाला.