सुशीलाच्या ट्रॅक्टरची मागची चाकं

बोरगाव, ता. सौसर
१२ जून

ती. दादांस,
सुशीलाचा सा. न. वि. वि.

फोन लावला की तुमचं कानातलं यंत्र शिट्टी मारते, म्हणून कागदावर लिहून राहिली. फोनवर तुम्ही सगळ्याला हो म्हणता आणि ठेवल्यावर नलिनीवहिनीला विचारता की सुशीला काय म्हणाली. या वेळचं काम नुसतं हो म्हणून भागणारं नाही.

छोट्या ट्रॅक्टरचे मागचे टायर गेले. त्यावरचे रबराचे उंच गुटके झिजून पार गुळगुळीत झाले. मागच्या पावसात नाल्याकडच्या उतारावर गाडी फसली आणि ते केतनला कळलं. तेव्हापासून पोराने पुण्यातून एकच धोशा लावला आहे, की आईने संत्र्याची बाग ठेक्याने द्यावी आणि त्याच्याकडे दहाव्या मजल्यावर राहायला यावं. तिथे बाल्कनीत एक तुळस आहे, तिला पाणी घालायला माणूस पाहिजे म्हणे. मी भांडली. शेवटी असं ठरलं की पोळ्यापर्यंत गाडी फसली नाही तर तो हा विषय काढणार नाही. फसली आणि दुसऱ्या कोणाला ओढून काढावी लागली, तर किल्ली त्याच्या हातात. पंच तुम्ही. तुम्ही तहसील कचेरीत जन्म काढला, तुमच्या शब्दाबाहेर तो जात नाही.

दादा, बाग गेली तर मी करू काय? केतनचे बाबा गेले तेव्हा मी गाडी शिकली, ती हौस म्हणून नाही. झाडं आम्ही दोघांनी लावली, एकेक खड्डा मला आठवते. ठेकेदाराला काय आठवणार?

आता टायरचं. शेजारचा अंकुश म्हणतो उंच गुटक्याचे घ्या, कुठेच फसणार नाही. पण संत्र्याची बारीक मुळं वरच्यावर असतात, ओल्या मातीत उंच गुटका त्यांना चिरत जातो. सपाट टायर झाडाला चांगले, पण उतारावर ते मला सरळ नाल्यात नेऊन सोडतील. पांढुर्ण्यात दुकानं मोठी आहेत. तुम्ही पाहून पाठवा.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या, टायर तेवढे बदलून द्या.

तुमची
सुशीला

---

पांढुर्णा
२४ जून

चि. सुशीलास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळाले. पंचाने एका बाजूसाठी टायर निवडावे की नाही, यावर मी एक संपूर्ण सकाळ विचार केला. निवडावे असे ठरले, कारण केतननेही मला फोनवर काहीतरी विचारले होते आणि त्यालाही मी हो म्हणालो होतो. काय विचारले ते नलिनीला माहीत आहे, पण ती सांगत नाही.

मी दुकानात रोज जाऊन बसलो. मालक सुरुवातीला चहा देत असे, नंतर नुसता बसू देई, आता मला पाहिले की गोदामात जातो. चौकशीअंती निष्कर्ष असा, की तुला रुंद टायर हवेत आणि गुटका मध्यम उंचीचा. रुंद असल्याने वजन पसरते, मुळांवर दाब कमी येतो. आणि गुटका असल्याने उतारावर पकड राहते. पकड वाढवायला ट्यूबमध्ये पाऊण भागापर्यंत पाणी भरून घे. ट्रॅक्टर पाणी पितो हे ऐकून नलिनी हसली, पण ही पद्धत सर्वत्र आहे.

टायर आले तेव्हा नलिनीने ते पूजेशिवाय घरातून हलू दिले नाहीत. दोन्ही भिंतीला सारखे टेकवून तिने दर्शनी बाजूला एकेक मोठे स्वस्तिक काढले. कुंकू पावसात जाईल म्हणून लाल ऑइल पेंट वापरला. तोच ब्रश माझ्या नव्या छत्रीलाही लागला. तिचा निरोप असा, की स्वस्तिक बाहेरच्या बाजूलाच दिसले पाहिजे, आत चिखलाकडे करू नये. शनिवारी आमच्या गल्लीतला गजानन पिकअप घेऊन जामसांवलीला दर्शनाला जाणार आहे, परतताना टायर तुझ्याकडे उतरवील.

तू बाग सोडू नयेस असे मला वाटते. पंच म्हणून मला काहीही वाटत नाही. आशीर्वाद दोघांकडून समजावा.

तुझा
भाऊराव

---

बोरगाव
१७ जुलै

ती. दादांस,
सुशीलाचा सा. न. वि. वि.

गाडी फसली.

मंगळवारी शेणखताची ट्रॉली घेऊन नाल्याकडचा उतार चढत होती. उजवं चाक बरोबर धरून होतं. डावं जागच्या जागी गरगर फिरून खड्डा करून राहिलं, जसं काही त्याला विहीरच खोदायची होती. अंकुशने बैल आणले, पाठोपाठ अर्धं बोरगाव आलं. कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करून केतनला पाठवलं. बैल सोडायच्या आधी त्याचा फोन. तो ओरडला नाही, नुसतं म्हणाला की आई, ठरलं होतं ना. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी घरी येऊन मोरीत बसून रडली.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला तशी गेली पाहायला. चिखलात दोन्ही चाकांचे ठसे स्वच्छ उमटले होते. उजव्याच्या गुटक्यांचे बाण वर बागेकडे, डाव्याचे खाली नाल्याकडे. दादा, माझं एक चाक शेतात चाललं होतं आणि दुसरं घरी परत येऊन राहिलं होतं.

मग डोक्यात उजेड पडला. टायरला दिशा असते, गुटके पुढच्या बाजूने माती धरतात. वहिनींनी दोन्ही टायरच्या एकाच अंगाला स्वस्तिक काढलं. ते दोन्हीकडे बाहेर ठेवायचं म्हटलं, की एक टायर उलटा बसणारच. सौसरच्या मिस्त्रीला मीच बजावलं होतं की स्वस्तिक आत गेलं तर पैसे देणार नाही. त्याने टायरवरचा बाण पाहिला, माझं तोंड पाहिलं आणि माझंच ऐकलं.

हे मी सवलत मागायला लिहीत नाही. शब्द दिला तो दिला. किल्ली खुंटीवर काढून ठेवली आहे आणि मी तिच्याकडे पाहत नाही. निकाल तुम्ही द्या. वहिनींना यातलं काही सांगू नका.

माया कमी करू नका, निकाल कसाही लागो.

सुशीला

---

पांढुर्णा
२२ जुलै

चि. सुशीलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र नलिनीनेच फोडले. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला तसेही ऐकू येत नाही, पण भाजीवरून कळले. मग तिने केतनला फोन लावला आणि गल्लीतल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, की चूक तिच्या ब्रशची आहे, आईच्या हाताची नाही.

निकाल असा. गाडी फसली, ही गोष्ट खरी आहे. परंतु अर्धी गाडी पुढे आणि अर्धी मागे चालत असताना घेतलेली परीक्षा मी मंजूर करू शकत नाही. डावा टायर उलटवून घे. त्याच उतारावर, तेवढीच ट्रॉली भरून, केतनच्या डोळ्यांदेखत पुन्हा चढ. त्याला ये म्हणून लिहिले आहे. चढलीस तर बाग तुझी. नाही चढलीस, तर मी स्वतः येऊन तुझी पेटी भरीन आणि त्या दिवशी मला पंच म्हणू नकोस.

रात्री जेवण जात नाही. आशीर्वाद आहेतच, वापरून घे.

भाऊराव

---

बोरगाव
१० ऑगस्ट

ती. दादांस व सौ. नलिनीवहिनींस,
सुशीलाचा सा. न. वि. वि.

डावं स्वस्तिक आत गेलं. वहिनी, मनाला लावून घेऊ नका, देवाला तिकडूनही दिसत असेल.

केतन शनिवारी आला. रात्रभर पाऊस होता, उतार नुसता लोण्यासारखा. तो खाली पांढरे बूट घालून उभा राहिला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, राहू दे आई. मी गिअर टाकला. अर्ध्यात गाडी जराशी घसरली बाप्पा. मग दोन्ही चाकांनी एकदम माती धरली आणि मी वर. वर गेल्यावर इंजिन बंद करायचंही सुचलं नाही.

केतन धावत आला. मला वाटलं हरला म्हणून तोंड पाडेल. तो बांधावर बसला आणि ढसाढसा रडला. म्हणाला, त्या शूटिंगमध्ये गाडी दिसली, बैल दिसले, गाव दिसलं, तू कुठेच दिसली नाहीस. मी बैलांच्या मागे होती दादा. पण तेवढ्यात पोराचा जीव अर्धा झाला. त्याला बाग नको होती. त्याला मी दिसायला पाहिजे होती. मीही रडली मग, काहून नाही रडणार.

जाताना खुंटीवरची किल्ली त्याने स्वतः माझ्या हातात दिली. अट एकच. उतारावर जायच्या आधी फोन करायचा आणि खाली आल्यावर पुन्हा करायचा. मिटिंगमध्ये असला तरी उचलतो, पटकन म्हणतो, आलीस का खाली? आधी महिना महिना फोन नसायचा.

एक गोष्ट केतनला सांगू नका, दोघंही मनातच ठेवा. उतारावर काम सकाळी एकदाच असते. मी संध्याकाळी पुन्हा एकदा चढून येते.

दोघांच्या मायेत राहावं, एवढंच मागणं.

तुमची
सुशीला