डॉलीबाई आणि उघडं दार

टार्निट, मेलबर्न
२२ ऑगस्ट २०२१

तीर्थरूप रेखाआत्यास,

अपूर्वचा दीड मीटर अंतरावरून साष्टांग नमस्कार. (त्याहून जवळ येऊन वाकायला इथे सध्या मनाई आहे.) तुझा गुडघा काय म्हणतोय? तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. तुमच्या तळमजल्यावरच्या विनीताकाकू हे छापून तुझ्या डब्याबरोबर दाराशी ठेवणार आहेत. (काकू, वाचून झालं की घडी नीट घाला.) आई सांगत होती, संजीवकाका गेल्यापासून चार महिन्यांत तू फ्लॅटबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस. हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र एका अस्वलाबद्दल आहे.

हॉटेल मॅनेजमेंट शिकायला गेलेल्या मुलाचा अस्वलाशी काय संबंध, असं तुला वाटेल. मी ज्या हॉटेलात होतो ते पहिल्याच लॉकडाउनमध्ये बंद पडलं आणि इथून पंचवीस किलोमीटरवरच्या एका अभयारण्याला माणूस हवा होता. सध्या घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं तर परमिट लागतं. परवा पोलिसाने गाडी अडवली आणि कुठे निघालास विचारलं. मी खरं ते सांगितलं, अस्वलाला जेवायला घालायला. त्याने परमिट दोनदा वाचलं, 'नो वरीज, मेट' म्हणाला आणि तरी मागच्या सीटवर वाकून बघितलंच. तिथे दोन पपया आणि माझा डबा होता.

अस्वलाचं नाव डॉली. मी डॉलीबाई म्हणतो, कारण वयाने आणि तोऱ्याने ती तेवढी आहे. जात सन बेअर. अंगाने लहानखुरी, गळ्याखाली ठुशीसारखा पिवळा पट्टा आणि जीभ चांगली वीतभर. परदेशात कुठल्याशा खानावळीच्या दारात नऊ वर्षं लोखंडी पिंजऱ्यात होती. तिथून सुटका होऊन इथे आली. आता तिची कोठडी उबदार आहे, दार सताड उघडं आहे, दाराबाहेर गवत, ओंडके, चढायला झाड, सगळं आहे. आणि बाई उंबरठ्याच्या आत बसून. गवतावर तिने आयुष्यात पाऊल ठेवलेलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मागचे पाय लुळे पडत चाललेत. महिनाअखेरपर्यंत बाहेर येऊन चालली नाही, तर तिला कायमची आतच ठेवावी लागेल.

तर ही जबाबदारी माझ्यावर आली आणि मी तुझा भाचा असल्यासारखा वागलो. पाहुणा जेवत नाही म्हणजे आपला आग्रह कमी पडला, हे माझ्या हाडात आहे. मी पपई सोलून, बिया काढून नेली. रताळी उकडली. अंजिरं मधात बुडवली. पहिल्या दिवशी ताट गवतावर ठेवलं, बाई हलल्या नाहीत. मग उंबरठ्यावर ठेवलं, तर तिने बसल्या जागेवरून जीभ लांबवून ताट चाटूनपुसून साफ केलं. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवसापासून मी ताट थेट तिच्या पुढ्यात नेऊ लागलो. (डावी-उजवी बाजू सांभाळून वाढायचो. हसू नकोस.) आठवड्यात बाईंचं वजन तीन किलोने वाढलं आणि पाऊल एक पडलं नाही. आमची मुख्य, ग्लेनिस, दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मेट, यू आर रनिंग रूम सर्व्हिस." मी तिला आग्रह म्हणजे काय ते इंग्रजीत समजावायला गेलो. पाच मिनिटांनी ती म्हणाली, म्हणजे रूम सर्व्हिसच ना?

ग्लेनिसने हुकूम काढला. आत फक्त पाणी, खाणं सगळं बाहेर ओंडक्यांखाली. दोन दिवस डॉली उपाशी बसली. आत्या, माझ्याही घशाखाली घास उतरेना. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कुंपणाबाहेर बादली पालथी घालून बसलो, तिच्याकडे पाठ केली (तिची नजर सोसत नव्हती) आणि डबा उघडला. थालीपीठ होतं, तुझ्या पद्धतीचं, करपलेलं माझ्या पद्धतीने. आणि मला भरून आलं. गेलं दीड वर्ष मी एकटाच जेवतोय. तुझ्या घरी कुणी एकटं जेवायला बसलं की तू हातातलं काम टाकून समोर खुर्ची ओढून बसायचीस. काही खायची नाहीस, नुसती बसायचीस. काका गेले तेव्हा विमानं बंद होती. तुझ्यासमोर येऊन बसायची पाळी माझी होती आणि मला येता आलं नाही.

हे सगळं मी डॉलीला मराठीत मोठ्याने सांगत होतो. मागे काहीतरी सळसळलं म्हणून मान वळवली. बाईंनी एक पंजा गवतावर टेकवला, चटका बसल्यासारखा मागे घेतला, पुन्हा टेकवला. मग आणखी एक. तोल सावरत, थांबत, ती कुंपणाच्या पलीकडे माझ्या शेजारी येऊन बसली. थालीपीठ मागितलं नाही. (दिलंही नसतं, मीठ चालत नाही.) नुसती बसली. मी ढसाढसा रडलो आणि हनुवटीवर ओढलेला मास्क पार भिजला. परतताना तिला ओंडक्याखाली अंजीर सापडलं.

आता ती रोज येते. काल झाडाला मिठी मारून बघितली. तब्येत सांभाळ.

तुझा,
अपूर्व

ता. क. माझी जेवायची सुट्टी साडेबाराला असते, म्हणजे तुझ्याकडचे सकाळचे आठ. तुमच्या लिफ्टसमोर खाली तो बाक आहे ना, तिथे तू फोन घेऊन बसलीस तर आपण एकत्र खाऊ. बोललं पाहिजे असं नाही.

पुन्हा ता. क. पत्र अस्वलाबद्दल आहे असं वर म्हटलंय, तो खोटेपणा माफ कर.

आणखी एक. उद्यापासून डबा दाराशी येणार नाही. तो खाली बाकावर असेल. शेजारी विनीताकाकू आपलं पोह्यांचं ताट घेऊन एकट्याच खात बसतील. तुला ते बघवणार नाही, हे मी त्यांना सांगून ठेवलंय.