सागवानी गाडी

२० नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर आपण भांडतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून कागदावर लिहितो. मी गाडी घेतली. आत पलंग, छोटी शेगडी, आणि छप्पर असं की खालून ढकललं की वर उचललं जातं आणि माणूस ताठ उभा राहतो. गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांच्या गॅरेजात ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. वय साधारण तुझ्या लग्नाइतकं. मूळ रंग निळा असावा. आता बराचसा गंज आहे, आणि मागच्या सीटमध्ये उंदरांनी तीन पिढ्यांचा संसार केलेला दिसतो.

म्हातारचळ म्हणून मोकळी होशील, त्याआधी कारण सांगतो. तुझ्या वहिनीच्या डोळ्यांचं निदान झालं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नजर मधोमध विरत जाणार. कडेचं दिसत राहील, पण समोरचं, नेमकं असं जे असतं ते पुढच्या थंडीपर्यंत धूसर होईल. औषधाने वेग कमी होतो, थांबत नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच हिने सांगितलं की समुद्राकाठचा तो लांब रस्ता आता दाखवा. लग्न झाल्यापासून तो ‘पुढच्या वर्षी’वर टाकला होता. मी शब्द दिलाय, मार्चमध्ये निघायचं.

लाकडाचं माझ्यावर सोड. जन्मभर लोकांच्या घरांत कपाटं बसवली, एकाचं दार अजून कुरकुरलेलं नाही. इंजिनाचं मात्र तू सांगशील तसं करीन.

कळावे. लोभ आहेच, सोबत थोडी अक्कलही धाड.
तुझा,
दादा

३ डिसेंबर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग उंदरांच्या संसाराला हसले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. वहिनीची बातमी घशाखाली उतरत नाही. शब्द दिलास ते फार बरं केलंस.

आता नीट ऐक. बसडेपोत माझं आयुष्य इंजिनाखाली गेलं, तेव्हा या कामात मी थोरली आणि तू धाकटा. आधी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीखाली जा आणि तळाचा पत्रा टोचून बघ. टोक आत गेलं की तिथला पत्रा मेला समज, तो कापून नवा जोडून घे. मग ब्रेकच्या नळ्या सगळ्या बदल, दिसायला चांगल्या असल्या तरी. रबर म्हातारं झालेलं बाहेरून कळत नाही. मग इंजिन. कपाटं, पडदे, रंग ही चैन सगळ्यात शेवटी.

एक भीती बोलून टाकते. तुझं काम देखणं असतं, पण ते संपत नाही. माझ्या लग्नात द्यायचं टेबल तू माझी मुलगी चालायला लागल्यावर दिलंस. मार्च म्हणजे मार्च.

वहिनीला माझा नमस्कार सांग. राग मानू नकोस, मानलास तरी मनात ठेव.
तुझी,
भिंगरी

५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निम्मा डेपो मी पाठ केला. पत्रा जोडला, नळ्या बदलल्या, इंजिन पहिल्या प्रयत्नात खोकलं आणि तिसऱ्यात गायला लागलं. छपरावर सोलर पॅनेल, खाली दुसरी बॅटरी, म्हणजे वाचायला दिवा आणि एक छोटा फ्रीजही चालेल.

पण बघायचं ते आत. सगळं अस्सल सागवान, एकही खिळा नाही, खाचेत खाच बसवलेली. दोन्ही बाजूंना कपाटं, पलंगाखाली सहा खण, मसाल्याच्या डब्यांना वेगळी मांडणी. प्लायवूड वापरा म्हणून दातांचे डॉक्टर सांगत होते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही लोकांच्या तोंडात काहीही बसवा, मी प्लायवूडला हात लावणार नाही. हिचं म्हणणं, सहा खणांत ठेवायचं काय. बायकांना सुतारकीतलं कळत नाही हे तुला लिहिण्यात धोका आहे, तरी लिहितो.

वार्निशचे हात अजून बाकी आहेत. तेव्हा मार्चऐवजी मे धर.

लोभ धर, पण टोमणे आवर.
दादा

१८ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

अक्षर मोठं काढलंय आणि पेन जाड घेतलंय, तरी ओळी उतरणीला लागल्या तर समजून घ्या. हे पत्र तुमच्या दादांना न सांगता लिहितेय. तब्येत चांगली आहे, स्वयंपाक हाताच्या सवयीने होतो. पण भिंतीवरच्या घड्याळाचे काटे आता सरळ बघितलं की दिसेनासे होतात, जरा बाजूला बघितलं की येतात. गंमत वाटते, मग वाटत नाही.

हे सकाळी चहा झाला की गाडीत शिरतात ते दिवे लागल्यावर बाहेर येतात. दिवसभर डोकं कपाटात, नाहीतर अंग गाडीखाली. मला आपले त्यांचे पाय तेवढे दिसतात. आता मे महिनाही पुढे जाणार, कारण खणांच्या मुठी मनासारख्या मिळाल्या नाहीत म्हणे. मी चिडले, तर म्हणाले की तुझ्यासाठीच सगळं करतोय. ते खरंच आहे हो, म्हणून जास्त राग येतो.

मला कळतं त्यांचं. गाडी झाली की निघावं लागेल, रस्ता बघून झाला की मग पुढे काय, या विचाराने ते घाबरलेत. ते एक खण वाढवतात आणि थंडी लांब गेली असं समजतात. मी घाबरले नाही असं नाही, पण मला इथे बसून घाबरायचं नाहीये.

तुमचं ऐकतात ते. काही करा.

माया आहेच, ती आता कामाला लावा.
तुमची,
वहिनी

२६ एप्रिल

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

गाडीची तपासणी करून परवाना घेतल्याशिवाय आता एकही वार्निशचा हात द्यायचा नाही. टाकीत पाणी भर, वहिनीला शेजारी बसव आणि गाडी आधी वजनकाट्यावर घाल. सागवानाचं वजन मी लहानपणी तुझ्या फळ्या उचलून चांगलं ओळखते. कारण विचारू नकोस, हुकूम समज.

माझा लोभ सध्या अटींवर आहे.
भिंगरी

४ मे

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुला आधीच कळलं होतं, मला काट्यावर कळलं. गाडीच्या कागदावर जेवढं वजन चालतं, त्याहून तीन धष्टपुष्ट माणसांइतकं जास्त भरलं. घरात कपाट बसवताना जमीन कधी तक्रार करत नाही, तेव्हा वजनाचा विचार जन्मात केला नव्हता. तपासणी अधिकाऱ्याने खण उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. असं कपाट आपल्याला घरी हवं म्हणाला, आणि नापास लिहून मोकळा झाला. एवढं ओझं घेऊन उतारावर ब्रेक धरणार नाहीत म्हणे. ही शेजारीच होती. हिने माझा हात तेवढा धरला.

दोन दिवस जेवलो नाही नीट. मग पुन्हा मापं घेतली. सगळं काढून पातळ प्लायमध्ये नव्याने करतो. हो, प्लाय. रेखाटन तयार आहे, या खेपेस काटेकोर करतो, थंडीपर्यंत गाडी नक्की उभी राहील.

तुझा,
दादा

९ मे

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मोठ्याने वाच. वहिनीसमोर वाच. जमलं तर मग प्लाय आण.

जमणार नाही, हे मला माहीत आहे. शनिवारच्या बसने येतेय, नट आवळायचे पाने माझे मी आणते. कपाटं तू स्वतः काढायचीस, खाच न मोडता. आत गादी, शेगडी, पाण्याची टाकी आणि दोन खोकी एवढंच जाईल. तू भ्यालास म्हणून मी तुला हसणार नाही. मलाही भीती वाटते. पण ती अंगणात उभी करून ठेवायची गोष्ट नाही.

जेवण चांगलं ठेव, बाकी लोभ येऊन बघते.
भिंगरी

३ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र गाडीच्या पायरीवर बसून लिहितोय, समोर समुद्र आहे. हलकी झालेली गाडी त्याच अधिकाऱ्याने या खेपेस पास केली, आणि तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. रिकामी गाडी चढावर अशी पळते की मलाच लाज वाटली. खोकी वळणावर इकडची तिकडे सरकतात आणि ही हसते. तू बसवलेले ब्रेक उत्तम. गादी थोडी टोचते, पण त्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही असं मला बजावण्यात आलंय.

काल तो रस्ता लागला. डाव्या हाताला समुद्र, अगदी खिडकीला लागून. मी गाडी हळू केली आणि हिला म्हटलं, बघ. बघतेय म्हणाली. थोड्या वेळाने पाहिलं तर ही उजवीकडे, माझ्याकडे तोंड करून बसलेली. मला वाटलं, हिला दिसतच नाही. गाडी बाजूला घेतली आणि कुठे काय आहे ते सांगायला लागलो, होड्या, दगड, लाटा.

तिने मला गप्प केलं. म्हणाली, समुद्र केवढा मोठा, तो मला पुढच्या वर्षीही डोळ्यांच्या कडेने दिसेल. तुमचा चेहरा बघायला मात्र डोळ्याची मधली जागा लागते, आणि सहा महिने तुम्ही तो गाडीखाली घालून ठेवला होतात. म्हणून ती रस्ताभर माझ्याकडेच बघणार आहे, असं तिने ठरवून टाकलंय.

माझे डोळे भरून आले ते तिला दिसले, आणि दिसले याचा तिला आनंदच झाला.

परतायचं कधी ते ठरवलेलं नाही. पुढच्या गावाचा पत्ता कळवीन, तिथे पत्र टाक. आमच्याकडे लोभाला जागा भरपूर आहे, बाकी सामान नाहीच. आता उठतो, दाढी करायची आहे. रोज करावी असा हुकूम सुटलाय.

तुझा,
दादा