तळघरातली एटीकेटी

स्टेट कॉलेज, पेन्सिल्व्हेनिया
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्या गुरुनाथाचा साष्टांग नमस्कार. (मोहन, इथे थांब. अक्काचा आशीर्वाद देऊन होईपर्यंत पुढचे वाक्य वाचू नकोस. तिचा आशीर्वाद लांब असतो आणि त्याला पोटकलमे असतात.) तुझ्या डोळ्याचे ऑपरेशन सुखरूप पार पडल्याचे कळले आणि जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी वाचन बंद सांगितले आहे, तेव्हा हे पत्र मी हाताने लिहून त्याचे फोटो मोहनला पाठवत आहे. त्याने ते तुला मोठ्याने वाचून दाखवावे. वाचताना स्वतःचे काही घालू नये आणि माझे काही गाळू नये. जिथे गाळायचे असेल तिथे मी तसे स्पष्ट सांगेन. माझी प्रकृती उत्तम. शैलजा अ‍ॅशबर्नला आमच्या मुलाकडे, परीक्षितकडे आहे, तिचीही उत्तम. मी इकडे आल्यापासून ती अधिकच उत्तम आहे असे परीक्षित कळवतो. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे की नुसते साहचर्य, याची मी चौकशी केलेली नाही.

आता मूळ विषय. तू मला सोपवलेले काम असे होते : तुझी नात, मोहनची आश्लेषा, दर रविवारी फोन उचलते, ‘आजी, क्लबमध्ये आहे, नंतर करते’ म्हणते, आणि नंतर करत नाही. हा क्लब तिच्या प्रबंधाच्या, जेवणाच्या आणि आजीच्या आड येतो. सबब गुरुनाथाने, ज्याने आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले आणि जो वादात कधी हरला नाही (शैलजाबरोबरचे वाद मी धरत नाही, तिथे नियमच नसतात), स्वतः जाऊन तिला तो क्लब सोडायला लावावा. परीक्षितने मला चार तास गाडी चालवून इथे आणून सोडले. त्या चार तासांत मी प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पाचही अवयवांनिशी युक्तिवाद बांधला. त्यात मुंगी शिरायला फट नव्हती. परीक्षितला तो दोनदा ऐकवला. तिसऱ्यांदा त्याने गाणी लावली.

आश्लेषा तीन मुलींबरोबर राहते. मला बैठकीच्या खोलीतला कोच मिळाला. शुक्रवारी रात्री मी विषय काढणार, एवढ्यात ती म्हणाली, “आजोबा, उद्या आमचं वेलकम वर्कशॉप आहे, नवीन स्टुडंट्ससाठी. घरी एकटे बोअर व्हाल, चला माझ्याबरोबर.” मी विचार केला की अनुमानाआधी प्रत्यक्ष असावे, ज्याच्या विरुद्ध बोलायचे ते एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे. शनिवारी कॅम्पसच्या बसमध्ये तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. क्लबला इमारतीच्या तळघरात एक खोली मिळालेली आहे. यंदा पुरेसे नवे सभासद झाले नाहीत, तर ती खोली काढून बोर्ड गेम खेळणाऱ्या क्लबला द्यायचे ठरले आहे. खोली गेली की अवजारे गेली, आणि अवजारे गेली की क्लब गेला. हे सांगताना ती खिडकीतून बाहेर बघत होती. माझ्या मनात एवढेच आले की माझा युक्तिवाद कदाचित खर्च न करताच परत नेता येईल.

हा क्लब म्हणजे काय, हे तुला सांगणे आवश्यक आहे, कारण तुझ्या डोळ्यांसमोर रमीचे टेबल असणार. इथे पत्ते नाहीत. एका टेबलावर मोडके प्रिंटर ठेवलेले असतात आणि नव्या मुलांनी ते उघडून आत काय आहे ते बघायचे असते. (हे काम मोहन लहानपणी कोणत्याही क्लबाविना करत असे आणि मार खात असे.) दुसऱ्या टेबलावर एक यंत्र प्लॅस्टिकचा धागा वितळवून माणसाचे नाव थरावर थर घालून काढते. एक नाव निघायला इतका वेळ लागतो, की त्यापेक्षा बारसे लवकर उरकते. आणि मुख्य टेबलावर प्रत्येकाने रुपयाएवढा एक बिल्ला बनवायचा असतो : एक चपटा सेल, एक इवलासा लाल दिवा, आणि तापलेल्या सळईने कथील वितळवून केलेले सांधे. सांधे नीट जमले की दिवा लागतो आणि मूल तो छातीवर लावून घरी जाते. विद्यापीठात नव्याने आलेल्या, कोणालाच न ओळखणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने पेटवलेला एक दिवा मिळावा, अशी त्यामागची कल्पना. कल्पना आश्लेषाची आहे. ती वाईट नाही, हे मला नोंदवणे भाग आहे.

या टेबलाच्या तोंडाशी तिने मला बसवले. सळई हातात देण्यापूर्वी प्रत्येकाला सुरक्षिततेचे तीन प्रश्न विचारायचे, ते कार्डावर लिहिलेले होते. सळईच्या टोकाला हात लावायचा का? काम झाल्यावर ती कुठे ठेवायची? दिव्याच्या दोन पायांपैकी लांब पाय कुठल्या बाजूला जातो? (सेलच्या अधिक बाजूला, नाहीतर दिवा लागत नाही.) “फक्त हो-नाही ऐकायचं आणि पुढे पाठवायचं, आजोबा,” ती म्हणाली. अक्का, मी असंख्य तोंडी परीक्षा घेतलेल्या आहेत. हो-नाही ऐकून पुढे पाठवणे हे तिकीट तपासणीसाचे काम आहे, परीक्षकाचे नव्हे.

पहिला आला वेस्ली. जवळच्याच एका गावातल्या गाईगुरांच्या घरातला मुलगा, इतका उंच की दारातून वाकून आला. टोकाला हात लावणार का? नाही सर. का? तापलेले आहे. कशावरून? त्याने सळईकडे पाहिले. ती तापलेली दिसत नाही. लोखंड लाल होण्याआधी बराच काळ भाजते. मग त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, तुम्ही विचारताय त्यावरून. मी म्हटले, म्हणजे मी म्हणतो ते खरे, असे तू गृहीत धरलेस. मी आप्त आहे, विश्वासार्ह आहे, याला तुझ्याकडे आधार काय? वेस्लीने मदतीसाठी कुशकडे पाहिले. (कुश हा क्लबचा खजिनदार, न्यू जर्सीत जन्मलेला, मराठी समजते, बोलत नाही.) कुश म्हणाला, “डोन्ट लुक अ‍ॅट मी, मॅन.” मी वेस्लीला नापास केले.

इथे मला या देशाविषयी एक निरीक्षण नोंदवू दे. इथे मूल काहीही म्हणाले तरी त्याला ‘ऑसम’ म्हणतात. प्रिंटरचे झाकण उघडले, ऑसम. उघडले नाही, तरी प्रयत्न ऑसम. त्यामुळे मी ‘चूक’ म्हटल्यावर वेस्ली दुखावला नाही, तो गोंधळला. आपल्याला कोणीतरी अनोळखी चलनात सुट्टे दिल्यासारखा तो ते ‘चूक’ हातात घेऊन उभा राहिला, आणि मग गेला. त्याच्या मागचेही गेले. लांब पायाच्या प्रश्नावर तर निम्मी रांग गारद झाली. एक चष्मेवाली मुलगी तेवढी उत्तीर्ण झाली. सळई तापली आहे कशावरून, या प्रश्नावर ती म्हणाली, “नो ऑफेन्स सर, पण आपली ओळख आत्ताच झालीय,” आणि तिने सळईचे टोक ओल्या स्पंजावर टेकवून पाहिले. चर्रर्र झाले. शब्दावर न विसंबता प्रत्यक्षाकडे जाणारी विद्यार्थिनी मला यापूर्वी फार थोड्या वेळा भेटली आहे. मी उभा राहून तिला सळई दिली.

तिचा सांधा चालू असताना मात्र माझ्यावरच एक प्रसंग गुदरला. कथील वितळले आणि त्यातून धुराची बारीक रेघ निघाली. धूर होता आणि अग्नी नव्हता. जिथे धूर तिथे अग्नी, डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, या एका उदाहरणावर मी माझी सगळी नोकरी केली. साताऱ्याचा प्लॉट त्याच डोंगराच्या जिवावर घेतला असे म्हणायला हरकत नाही. आणि इथे एका तळघरात अग्नीवाचून धूर माझ्या नाकात जात होता. मी कुशला विचारले, हा धूर कुठला? तो म्हणाला, “फ्लक्स आहे, आजोबा. डोन्ट ब्रीद इट.” त्याचे हे एकच मराठी वाक्य, आणि त्यातही मराठी अर्धे. फ्लक्स म्हणजे सांधा धरावा म्हणून कथिलात घातलेली राळ, असे नंतर कळले. मी तो विषय तात्पुरता स्थगित ठेवला आहे.

दुपार कलली तेव्हा रांग नव्हती. बोर्ड गेमवाल्यांनी जिन्यापाशी पिझ्झाचे खोके उघडले होते आणि माझ्याकडे नापास झालेली मुले तिथे उत्तीर्ण होत होती. सभासदांच्या कागदावर मोजकी नावे होती, त्यातले एक चष्मेवालीचे. आश्लेषा एका उलट्या खोक्यावर बसून वायरीचा गुंता सोडवत होती. तिने खालचा ओठ दातांखाली धरला होता, अक्का, तू धरतेस तसाच, डावीकडे. क्लब संपत होता. म्हणजे तुझी प्रतिज्ञा सिद्ध होत होती, आणि तीही एकही अवयव न वापरता. मला समाधान वाटायला हवे होते. (मोहन, ‘हवे होते’ यावर जोर दे.)

एवढ्यात वेस्ली परत आला. एकटा नव्हे, वसतिगृहातल्या त्याच्या मजल्यावरची मुले बरोबर घेऊन. झाले असे होते की त्याने तिथे जाऊन सांगितले, तळघरात कोट घातलेला एक म्हातारा बसला आहे आणि तो सगळ्यांना नापास करतो. हे ऐकून कोणी घाबरले नाही. प्रत्येकाला वाटले की आपल्याला तो करू शकणार नाही. वेस्ली माझ्यासमोर वाकून म्हणाला, “सर, मी विचार केला. आय डिसअ‍ॅग्री विथ माय आन्सर. परत घ्याल?”

मी तोंड उघडण्याआधी आश्लेषा खोक्यावरून उठली. “री-टेस्ट फक्त मेंबर्सना,” ती म्हणाली.

“सिन्स व्हेन?” कुशने विचारले.

“सिन्स नाऊ.” आणि तिने पिझ्झाच्या खोक्याचे झाकण फाडून त्यावर मोठ्या अक्षरांत एटीकेटी असे लिहून माझ्या टेबलावर उभे केले. नाव नोंदवा, सभासद व्हा, आणि पुढच्या शनिवारी राहिलेला विषय सोडवायला या. कुशने हे काय म्हणून विचारले, तेव्हा तिने सांगितले की भारतात नापास झाला तरी माणसाला पुढच्या वर्गात बसू देतात आणि मागचा विषय गळ्यात लोंबत ठेवतात. त्यामुळे माणूस कॉलेज सोडून जाऊ शकत नाही. “इट्स अ ग्रेट सिस्टम. माझ्या बाबांना दोनदा मिळाली होती.” (मोहन, गाळू नकोस. अक्काला हे ठाऊक नसेल, तर आता झाले.)

त्यानंतर काय झाले ते सांगताना मला अतिशयोक्ती टाळायची आहे, म्हणून एवढेच लिहितो की रांग जिन्यावरून वर फुटपाथपर्यंत गेली आणि सभासदांचा कागद पुरला नाही. मी एकालाही सूट दिली नाही. नापास झालेली मुले खोक्याचे तुकडे फाडून त्यांवर एटीकेटी लिहून छातीला लावत होती आणि उत्तीर्णांकडे दयेने बघत होती. खोली राहिली. शेवटी आश्लेषाने मलाही एक बिल्ला करायला दिला, आणि हे लिहिताना तो माझ्या कोटावर आहे. दिवा लागलेला आहे.

तेव्हा निष्कर्ष असा, की क्लबविषयीचा तुझा निरोप योग्य त्या गांभीर्याने विचारात घेतला जात आहे.

तुझा आज्ञाधारक,
गुरुनाथ

ता. क. डोळ्यात थेंब वेळेवर घाल. घालताना मोहनला प्रश्न विचारू नकोस, तो हसतो आणि थेंब गालावर पडतो.

ता. क. २. एक छोटी विनंती. शैलजाने मला घटस्थापनेपूर्वी अ‍ॅशबर्नला हजर व्हायला सांगितले आहे. पुढचे काही शनिवार मला इथून हलता येण्यासारखे नाही. हे तिला मी सांगितले तर वाद होईल. तू सांगितलेस तर होणार नाही, कारण ती तुला घाबरते. गुरुनाथाचे काम अजून अपुरे आहे, एवढेच तिला म्हणावे. हे असत्य नाही. मी ते अद्याप सुरूही केलेले नाही. आणि आश्लेषाला फोन रविवारी नको, शनिवारी दुपारी कर. तेव्हा आम्ही दोघेही क्लबमध्ये असतो. एक जण नक्की उचलेल.

ता. क. ३. (मोहन, हे फक्त तुझ्यासाठी. इथून पुढे अक्काला वाचून दाखवू नकोस. ती विचारेल तर पत्र संपले असे सांग.) काल परतताना बसमध्ये मी आश्लेषाला विचारले, इतकी माणसे असताना ते टेबल मलाच का दिलेस? ती म्हणाली, “बाबांनी फोन करून सगळं सांगितलं होतं. आजीने तुम्हाला मला क्लबमधून काढायला पाठवलंय म्हणून. वाद घातला असता तर मी हरले असते, आजोबा. म्हटलं, तुम्हालाच क्लबमध्ये घ्यावं.” मोहन, तुझ्या दोन एटीकेट्या मी वर कशासाठी उघड केल्या, ते आता तुझ्या लक्षात आले असेल. तुझी-माझी फिटंफाट झाली.

राहिला बिल्ला. मी केला तेव्हा दिवा लागला नाही. मी सेल तपासला, सांधे तपासले, आणि धुराविषयी माझे म्हणणे कुशला ऐकवले. आश्लेषाने तो माझ्या हातातून घेतला, दिवा सोडवला, उलटा करून बसवला आणि परत दिला. मी लांब पाय चुकीच्या बाजूला घातला होता. मग तिने खोक्याचा एक तुकडा फाडून माझ्या कोटाला लावला. फेरपरीक्षा फक्त सभासदांना असते, म्हणून सभासद झालो. शनिवारी माझा लांब पायाचा प्रश्न आहे. परीक्षक आश्लेषा आहे, आणि ती सूट देत नाही असे ऐकतो.