बर्फातल्या ट्रॅक्टरची साखळी

आबा, तुमच्या नातीच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे. उसाच्या ट्रॉल्या ओढणारा नाही, लहानसा, आपल्याकडे चिकूच्या वाडीत फिरवतात तसला. मागच्या दोन्ही चाकांना लोखंडी साखळ्या आहेत, पण चिखलासाठी नव्हे, बर्फासाठी. तुम्हाला माहीत होता तो लग्नात सरबतासाठी आणलेला, भुशात गुंडाळलेला बर्फ. तिकडे कॅनडात तो आभाळातून पडतो आणि दारापासून रस्त्यापर्यंतची वाट बुजवून टाकतो. तुम्ही गेलात तेव्हा भिंत धरून चालणारी ही पोरगी आता तिथल्या एका लहान गावात दवाखान्यात नर्स आहे. घर भाड्याचं, रस्त्यापासून बरंच आत, मधे उतार. वाट मोकळी केली नाही तर गाडी बाहेर निघत नाही आणि ड्युटी बुडते. ट्रॅक्टर घरमालकिणीचा आहे. त्याच्या पुढे मोठं फावडं बसवलंय, त्याने बर्फ ढकलत न्यायचा. हे सगळं जावई करतात, असं ती मला सांगायची. मी ऐकून घेत होते. ऐकून घेतलं म्हणजे खरं मानलं असं नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तुमचं चलथाणच्या रस्त्यावरचं पत्र्याचं गॅरेज मला अजून वासासकट आठवतं. ऊसतोडीच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला की ट्रॅक्टर शेतात रुतायचे आणि ड्रायव्हर तुमच्याकडे धावत यायचे. तुम्ही जुन्या साखळ्या कापून, त्यांना आडव्या कड्या जोडून चाकांसाठी जाळ्या करायचात. शाळा सुटली की तुमचा डबा घेऊन मी तिथे येते, उलट्या डब्यावर बसते आणि तुमची भांडणं बघते. एक ड्रायव्हर घाईत आहे. "आबा, मी सोता ताणी, घट्ट शे, निंघू द्या ना आते," म्हणतो. तुम्ही मान वर न करता म्हणता, "पहिले फिराव." तो चडफडत अंगणात एक फेरी मारतो, खाली उतरतो, आणि तुम्ही त्या घट्ट साखळीखाली अख्खा पंजा घालून दाखवता. "देख. नवी बसाडी का घट्टच दिखस. पहिले खोटंच बोलस ती. चाक फिरनं का मंग खरं काय ते निंघस." मग तो मुकाट्याने पुन्हा ताणतो.

माणसांच्या बाबतीतही तुमचं तेच. पेपर चांगला गेला म्हटलं की शाबासकी राहिली बाजूला, तुम्ही विचारायचात, "कोनता सवाल उना नही ते सांग." तो एक न आलेला प्रश्न सांगताना मी रडकुंडीला यायचे. आई म्हणायची, या माणसाला देवाने येऊन नमस्कार केला तरी हा विचारेल, काय काम काढलंस. तिला तुमचा कंटाळा यायचा आणि मला राग. आता भेस्तानच्या कारखान्यात मी दिवसभर साडीचे ताके उजेडावर धरून तपासते, कुठे धागा तुटलाय, कुठे डाग लपवून घडी घातलीय ते शोधते, आणि त्याचाच पगार घेते. तुमचा हा स्वभाव घरात कुणाला नको होता, तो माझ्या पोटापाण्याला लागला.

तर जावयाचं मला पटत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर पोरगी एकटीच. जावई कुठे विचारलं की झोपलाय. नाहीतर ड्युटीवर. नाहीतर दुकानात. एकदा म्हणाली, आंघोळीला गेलाय. आम्ही तासभर बोललो, त्याची आंघोळ संपली नाही. उधन्याला राहणाऱ्या विहीणबाई बाजारात भेटल्या तर मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "मजेत आहेत हो दोघं." न विचारता दिलेलं उत्तर मला कधीच आवडलेलं नाही. घरी येऊन तिच्या पप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तू अगदी बापावर गेलीस. चांगलं चाललंय पोरीचं, त्यात काडी घालू नकोस." मग मी जावयाबद्दल विचारायचंच सोडलं आणि ट्रॅक्टरच्या मागे लागले. साखळी आतून कशी अडकवता? आकड्याचं तोंड बाहेर ठेवता ना, नाहीतर टायर फाटेल? पोरगी वैतागली. "मम्मी, तू पण ना! साखळीत काय बघायचं आहे?" मी म्हटलं, तुझे आजोबा हेच काम करायचे, मला बघायचंय, लावताना बघायचंय.

शेवटी तिने व्हिडिओ पाठवला. मला वाटलं होतं जावई दिसतील. दिसली ती. जाड कोट, डोक्यावर टोपी, तोंडातून वाफ निघतेय. साखळी झटकून सरळ करते, चाकावर टाकते, ट्रॅक्टर हातभर पुढे घेते, मग बर्फात आडवी होऊन आतला आकडा अडकवते. बोटं चालेनात म्हणून हातमोजा दातात धरते. बाहेरची बाजू ताणून बांधते. दुसरं चाकही तसंच. मग ट्रॅक्टर थोडा फिरवून आणते, उतरते, आणि कुणी न सांगता दोन्ही साखळ्या पुन्हा ताणते. आबा, तो नवशिक्याचा हात नव्हता. ताका उलगडणाऱ्या बायांत नवी कोण नि जुनी कोण हे मी लांबून सांगते, मला हात कळतो. शेवटी ती चालत चालत फोनकडे आली आणि तिने तो बंद केला, म्हणजे फोन कुणी धरलेलाच नव्हता, कशाला तरी टेकवून ठेवला होता. मी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहिला. घराच्या दारापासून ट्रॅक्टरपर्यंत ताज्या बर्फात बुटांचे ठसे होते. एकाच माणसाचे, तिचेच.

मी लगेच फोन केला नाही. दोन ताके तपासताना माझ्याकडून चुका झाल्या, शेठ ओरडला. रविवारी तिचे पप्पा झोपले तेव्हा गच्चीवर जाऊन फोन लावला. इकडचं तिकडचं बोलले नाही. म्हटलं, "साखळी रोज तूच लावतेस ना?"

"हा, कधी कधी लावते मी पण."

"कधी कधी नाही. रोज."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बर्फ पडायच्या आधीच गेला ने तो. दुसऱ्या शहरात. आता येणार नाही बोलला."

"मारत होता का?"

"नाही गं मम्मी. तसं काही नाही. आमचं जमलंच नाही, बस."

तसं काही नाही, हेही मी ऐकून घेतलं आहे. खरं मानलेलं नाही. हळूहळू काढीन. त्या दिवशी मात्र आणखी ताणून धरलं नाही, कारण ती रडत नव्हती आणि मला भीती वाटली की मी जास्त विचारलं तर रडेल. तिने एवढंच मागितलं, "पप्पांना एवढ्यात सांगू नको. ते लगेच परत ये म्हणतील, आणि मी पप्पांना 'नाही' बोलू शकणार नाही. मला इथे राहायचं आहे मम्मी. माझं काम चांगलं चाललंय. हिवाळा जाऊ दे, मीच सांगेन."

मी विचारलं, पुन्हा ताणायला कुणी शिकवलं? मला वाटलं, निदान एवढं तरी आपल्या घरातून गेलं असेल. छे! मालकीणबाईंनी शिकवलं म्हणे. सत्तरीच्या बाई आहेत, बाजूच्याच घरात एकट्या राहतात. त्या बाईंबद्दलही मला शंका होती, फुकट ट्रॅक्टर का देते म्हणून. तर पोरगी आधी त्यांची वाट साफ करते आणि मग स्वतःची, असा त्यांचा ठराव आहे. त्या खिडकीत बसून ट्रॅक्टर परत येईपर्यंत बघत राहतात. हे ऐकून जिवाला थोडं बरं वाटलं. त्याचबरोबर खिडकीत आपण नाही, दुसरीच बाई आहे, हे टोचलंही.

आता तिकडे सकाळ होते तेव्हा इथे संध्याकाळ असते. कारखान्यातून कोसाडला घरी पोचून मी कुकर लावते, तोवर तिचा मेसेज येतो: निघतेय. मग बराच वेळ काही नाही. उतारावर ट्रॅक्टर घसरला असेल, उलटला असेल, ती खाली असेल, असं सगळं मी कणीक मळता मळता बघून घेते. मग येतो: झालं. मी लिहिते, फोटो पाठव. ती हसण्याचं चित्र पाठवते आणि नंतर फोटो. फोटोत ती उभी आहे, मागे मोकळी वाट आहे. मी तो मोठा करून तिचे दोन्ही हात बघते, दोन्ही पाय बघते, आणि मगच पोळ्या लाटायला घेते.

हे मी तुम्हाला लिहितेय कारण घरात दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, आणि तुम्ही कुणाला सांगणार नाही. पत्र कुठे टाकायचं नाहीच. काल जेवताना तिच्या पप्पांनी विचारलं, "जावई कसे आहेत? बोलणं झालं का?" मी त्यांच्या ताटात वरण वाढत होते. म्हटलं, "मजेत आहेत. बर्फ काढत होते." त्यांनी "बरं" म्हटलं, भात कालवला आणि जेवू लागले. आबा, माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं, आणि इतक्या वर्षांचा नवरा माझ्याकडे एकदा नीट बघतही नाही, पुन्हा विचारतही नाही, याचाच मला फार राग आला.